सुंठ, काळा बोळ आणि साबण: व्हिक्टोरियन पेटंट औषधांच्या डबीत काय असायचं

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं कुठलंही इंग्रजी वर्तमानपत्र उघडा. औषधांच्या जाहिरातींत तेच तेच आकडे दिसतात: १ शिलिंग दीड पेनी, २ शिलिंग ९ पेनी, ४ शिलिंग ६ पेनी. गोळ्या असोत, सरबत असो की मलम, आणि कंपनी कुठलीही असो, किंमत या तीन-चार आकड्यांपैकीच एक. यात दुकानदारांचं संगनमत नव्हतं. तो कर होता.

१८१२ च्या कायद्याप्रमाणे १ शिलिंगपर्यंतच्या औषधावर दीड पेनी, अडीच शिलिंगपर्यंत ३ पेनी आणि ४ शिलिंगपर्यंत ६ पेनी मुद्रांक शुल्क होतं. (१२ पेनींचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड.) म्हणून १ शिलिंगची डबी गिऱ्हाइकाला १ शिलिंग दीड पेनीला पडायची. कर भरल्याची खूण म्हणून सरकारी कागदी मुद्रांक डबीवर असा चिकटवत की तो फाडल्याशिवाय झाकण उघडू नये.

साध्या, सर्वांना ठाऊक असलेल्या औषधावर औषधविक्रेत्याला हा कर नव्हता. पण कृती गुप्त ठेवली, औषध फक्त आपल्याच मालकीचं म्हटलं, किंवा अमुक रोगावर रामबाण म्हणून छापलं, की कर लागू. म्हणजे फुशारकीवरच कर होता म्हणा ना. आणि गंमत अशी की सामान्य माणूस त्या मुद्रांकाकडे बघून उलटाच अर्थ काढायचा: सरकारनं शिक्का मारलाय, म्हणजे औषध तपासलेलं असणार. मालकही हा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडत नसत. ‘सरकारी मुद्रांक पाहूनच घ्या, नकलांपासून सावध’ असंच ते छापत.

‘पेटंट’ हा शब्दही असाच फसवा. खरं पेटंट घ्यायचं तर कृती सरकारदरबारी उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती सर्वांची होते. या धंद्याला ते परवडणारं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच इथलं भांडवल. त्यामुळे ज्यांना आपण पेटंट औषधं म्हणतो त्यांतल्या बहुतेकांचं पेटंट कधी घेतलेलंच नव्हतं. नाव, बाटलीचा आकार आणि लेबल यांवर हक्क, आत काय आहे ते मात्र गुपित.

डबी उघडली तर

सर्वांत गाजलेलं उदाहरण बीचमच्या गोळ्यांचं. थॉमस बीचम हा ऑक्सफर्डशायरमधला, लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा. पुढे त्यानं लँकेशायरमध्ये गोळ्या विकायला सुरुवात केली आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीस सेंट हेलन्स गावी बस्तान बसवलं. घोषवाक्य होतं: एका डबीचं मोल एक गिनी. गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि डबी मिळायची १ शिलिंग दीड पेनीला. मोलाच्या जवळजवळ एकोणिसाव्या हिश्शात सौदा.

१९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा औषधांची रासायनिक तपासणी करून घेतली आणि निष्कर्ष पुस्तकरूपानं छापले. बीचमच्या एका गोळीत सापडलं ते असं: काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस, अर्धा ग्रेन, सुंठेची पूड साधारण तेवढीच, किंचित जास्त, आणि उरलेला थोडा साबण. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, तेव्हा काळा बोळ भरला सुमारे ३२ मिलिग्रॅम. ५६ गोळ्यांच्या अख्ख्या डबीतल्या मालाची किंमत त्यांनी काढली अर्धी फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. विक्रीची किंमत याच्या शंभरपट, वर थोडी जास्तच.

तिन्ही घटकांना कामं नेमलेली होती. काळा बोळ रेचक. त्यातली द्रव्यं जठरातून तशीच पुढे जातात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं विघटन करतात तेव्हा कुठे ती आतड्याला चाळवतात. म्हणून परिणाम दिसायला ६ ते १२ तास लागतात, आणि म्हणून अशी गोळी रात्री झोपताना घ्यायची. काळ्या बोळानं पोटात मुरडा येतो. तो कमी व्हावा म्हणून सुंठ. आपल्याकडेही जुलाबाच्या औषधाबरोबर सुंठ देतातच, त्यामुळे बीचमची अक्कल कुणा आजीबाईला नवी वाटणार नाही. साबण होता गोळी बांधायला आणि आत गेल्यावर ती विरघळायला.

हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण गोळी वळण्याचं सगळं कसब तिथेच असतं. पूड खलात घोटून कणकेसारखा गोळा करतात, त्याची लांब वळी वळतात, पितळी खाचांच्या पाटावर ठेवून कापतात आणि चिकटू नयेत म्हणून ज्येष्ठमधाच्या पुडीत घोळवतात. ओल जास्त झाली तर डबीत सगळ्या गोळ्यांचा एक लगदा होतो. ओल कमी पडली किंवा गोळी फार दिवस वाळली तर ती खड्यासारखी होते आणि आतड्यातून न विरघळता जशीच्या तशी बाहेर पडते. साबणामुळे गोळा मऊ राहतो आणि राळेसारखे घटक पाण्यात लवकर सुटतात.

आता प्रश्न असा की जुलाबाच्या गोळीनं डोकेदुखी, चक्कर, निद्रानाश, अंगावरचे चट्टे, वाईट स्वप्नं, सगळं बरं होतं असं लोक शपथेवर का सांगत? एक तर बद्धकोष्ठ खरोखर सार्वत्रिक होतं. गिरणी कामगाराचा आहार म्हणजे पांढरा पाव, चहा, जमलं तर थोडं खारवलेलं मांस, भाजीपाला जेमतेम. पोट साफ झालं की डोकं हलकं वाटतं, हे खोटं नाही. दुसरं म्हणजे माणूस औषध घेतो तेव्हा दुखणं ऐन भरात असतं, आणि बहुतेक दुखणी त्यानंतर आपोआप उतरतात. श्रेय गोळीला जातं. तिसरं कारण म्हणजे गोळी घेतल्यावर काहीतरी घडतं, हे सकाळी निर्विवादपणे कळतं! ज्या औषधाचा काहीच परिणाम जाणवत नाही ते कितीही गुणी असलं तरी दुसऱ्यांदा कोण घेणार?

आणि डॉक्टरांकडे तरी काय होतं? शतकाच्या पूर्वार्धात नस कापून रक्त काढणं, जळवा लावणं आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं क्षार, हे नेहमीचे उपचार होते. काळ्या बोळाच्या गोळ्या अधिकृत औषधकोशातही होत्या. डॉक्टरची फी देण्यापेक्षा शिलिंगभर देऊन जुलाब घेणारा माणूस मूर्ख होता असं मला वाटत नाही. बऱ्याचदा तो कमी नुकसानीत सुटायचा.

रेचकानं माणूस मरूही शकतो, हे मात्र विसरू नये. जेम्स मॉरिसनच्या ‘वनस्पतिजन्य सार्वत्रिक’ गोळ्यांत काळ्या बोळाबरोबर कडू इंद्रावण आणि गँबोज असायचं. गँबोज हा पिवळा डिंक. चित्रकार रंगासाठी वापरतात तोच. हे तिन्ही मिळून जहाल जुलाब. मॉरिसनचा सिद्धान्त असा की सगळे रोग अशुद्ध रक्तामुळे होतात आणि जुलाबानं रक्त शुद्ध होतं. त्रास वाढला तर समजावं की गोळ्या कमी पडल्या. या तर्कातून बाहेर पडायला वाटच नाही. रोगी खंगला की डोस वाढवायचा, २०-३० गोळ्यांपर्यंत. जुलाबातून पाणी आणि क्षार निघून जातात, पोटॅशियम घसरतं, हृदयाची लय बिघडते. १८३६ साली, व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या आदल्या वर्षी, मॅकेन्झी नावाच्या जहाजाच्या कप्तानाच्या मृत्यूबद्दल या गोळ्यांचा विक्रेता रॉबर्ट सामन सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. शिक्षा? २०० पौंड दंड. गोळ्या विकल्या जातच राहिल्या.

बाटलीतली झोप

गोळ्यांची बाजू बरीचशी हास्यास्पद आहे. लहान मुलांच्या औषधांत हसण्यासारखं काही नाही.

‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ हे अफू, काकवी, पाणी आणि ससाफ्रासच्या सुगंधी सालीचं मिश्रण. गिरण्यांच्या गावांत आई कामावर गेली की बाळ शेजारणीकडे किंवा पोरं सांभाळणाऱ्या बाईकडे असायचं, आणि ते रडू नये म्हणून चमचाभर कॉर्डियल. मुंबईच्या गिरणगावात अफूची बाळागोळी याच कारणासाठी चालायची. कारखान्याचा भोंगा आणि तान्ह्याची भूक यांचं जमत नाही, ते इथेही आणि तिथेही.

यात गोष्टी नेमक्या कुठे बिघडत ते पाहा. गॉडफ्रीज हे एका कंपनीचं औषध राहिलं नव्हतं. दुकानोदुकानी आपापल्या मापानं बनायचं, त्यामुळे एका दुकानातला एक चमचा दुसऱ्या दुकानातल्या कित्येक चमच्यांएवढा कडक असू शके. बाई घर बदलते, नव्या दुकानातून बाटली आणते, जुन्या मापानं देते, आणि बाळ उठत नाही. दुसरी अडचण गाळाची. बाटली न हलवता ठेवली तर अफूचा अंश तळाशी बसतो. वरचे डोस फिके, शेवटचे घातक.

पण विषबाधेपेक्षाही मोठा घात हळूहळू व्हायचा. अफूनं भूक मरते. गुंगीतलं मूल दूध मागत नाही, त्याचं पोटही हलत नाही. ते रडत नाही म्हणून कुणी पाजत नाही. आठवड्यांमागून आठवडे ते सुकत जातं आणि शेवटी मृत्यूच्या नोंदीत ‘आचके’ किंवा ‘खंगणे’ असं लिहिलं जातं. अफू कुठेच येत नाही. त्यामुळे अशी किती मुलं गेली हे मोजण्याचा प्रामाणिक मार्ग उरलेला नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यात १८४९ च्या सुमारास निघालेल्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’चा आकडा मात्र ठाऊक आहे: एका औंसात (सुमारे ३० मिलिलिटरमध्ये) ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन, म्हणजे अफूतलंच गुंगीचं द्रव्य. चहाच्या चमच्यात सुमारे ११ मिलिग्रॅम येतं. सहा महिन्यांपुढच्या बाळाला चमचाभर, दिवसातून तीन-चार वेळा, असं सांगितलेलं असायचं. आज तीव्र वेदनेत प्रौढ माणसाला पोटातून मॉर्फिन सुरू करताना एका वेळी साधारण ५ ते १० मिलिग्रॅम देतात. सवय झालेली मुलं जगत. पहिल्यांदाच पूर्ण चमचा मिळालेलं बाळ श्वास घ्यायचं विसरून जाई.

कायदा नव्हता असं नाही. ब्रिटनच्या १८६८ च्या फार्मसी कायद्यानं अफूच्या बाटलीवर ‘विष’ असं लेबल आणि विक्रेत्याचं नाव सक्तीचं केलं. पण पेटंट औषधांना त्यातून सूट होती! म्हणजे साधी अफू घेतली तर बाटलीवर ‘विष’, आणि तीच अफू गोड पाकात घालून मुद्रांक लावला तर बाटलीवर पाळण्यातल्या बाळाचं चित्र.

या गटातलं एक औषध थेट हिंदुस्थानशी जोडलेलं आहे. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानात असलेल्या इंग्रजी सैन्यातला डॉक्टर. पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, उपाय म्हणून त्यानं ‘क्लोरोडाइन’ तयार केलं आणि १८५६ च्या सुमारास विक्रीचा हक्क लंडनच्या डेव्हनपोर्ट या औषधविक्रेत्याला दिला. त्यात अफूचा अर्क किंवा मॉर्फिन, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे. हे खरोखर काम करायचं, आणि तीच त्यातली मेख. अफूनं आतड्याची हालचाल मंदावते, जुलाब थांबतात, पेटके कमी होतात, झोप लागते. साध्या हगवणीला उत्तम. पटकीत मात्र माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे, आणि त्यावर या थेंबांत काही नव्हतं. रोग्याला आराम वाटायचा आणि तो मरायचा. शिवाय क्लोरोफॉर्म पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. बाटलीत थर सुटले की शेवटच्या थेंबांचा काही नेम नाही. सवय लागायची ती वेगळीच.

क्लोरोडाइनवर फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्यानंही हक्क सांगितला. १८६४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी मूळ संशोधक ब्राउनच असल्याचं म्हटलं. खरं तर हा नावावरून झालेला व्यापारी तंटा. पण पुढची कित्येक वर्षं जाहिरातीत ठळकपणे न्यायाधीशांचं नाव झळकत राहिलं, जणू कोर्टानं औषधालाच गुणाचं प्रमाणपत्र दिलं होतं. डेव्हनपोर्टच्या बाटलीवर ‘विष’ छापायला लावण्यासाठी १८९२ साली खटला भरावा लागला.

सगळंच खोटं नव्हतं

‘फिकट माणसांसाठी गुलाबी गोळ्या’ या नावानं कॅनडातून जगभर गेलेल्या डॉ. विल्यम्सच्या गोळ्यांत लोहाचं क्षार होतं. रक्तक्षयानं पांढऱ्या पडलेल्या तरुण मुलींना लोह हवंच असतं, तेव्हा त्यांना गुण येणं स्वाभाविक. फसवणूक सुरू होते ती त्याच गोळीनं लकवा बरा होतो म्हटल्यावर.

न्यूकॅसलचा औषधविक्रेता जेम्स क्रॉसली ईनो याचं ‘फ्रूट सॉल्ट’ तर आपल्या स्वयंपाकघरात ढोकळा फुगवतंय. खाण्याचा सोडा आणि टार्टारिक किंवा सायट्रिक आम्ल कोरडं एकत्र ठेवायचं. पाणी लागलं की दोन्हींची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड फसफसतो. उरलेला सोडा जठरातलं आम्ल मारतो, ढेकर येतो, बरं वाटतं. ओलसर हवेत झाकण उघडं राहिलं की अभिक्रिया बाटलीतच होऊन जाते आणि पुडीचे खडे उरतात. सरळ आम्लपित्ताचं औषध. जुन्या जाहिराती मात्र रक्तशुद्धी आणि ज्वरापासून बचाव असं काय काय सांगत.

नॉटिंगहॅमच्या वुडवर्डचं ग्राइप वॉटर १८५१ चं: शेपूचं तेल, सोडा, साखर, पाणी आणि मूळ कृतीत थोडा अल्कोहोल. बाळ शांत व्हायचं ते शेपूनं, साखरेनं की दारूनं, हे आईला कळायचं कारण नव्हतं.

जाहिरातीची भाषा

१८५३ साली ब्रिटनमधला जाहिरातींवरचा कर गेला, १८५५ मध्ये वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक आणि १८६१ मध्ये कागदावरचा कर. वर्तमानपत्रं स्वस्त झाली, त्यांची संख्या वाढली, आणि पानं भरायला औषधवाल्यांचा पैसा तयारच होता. मलम आणि गोळ्या विकणारा थॉमस हॉलोवे १८८३ साली वारला तेव्हा जाहिरातींवर वर्षाला सुमारे ५०,००० पौंड खर्च करत होता. बीचम पुढे १ लाखाच्या घरात गेला. हॉलोवेनं त्याच पैशातून स्त्रियांसाठी महाविद्यालय उभारलं. १८८६ मध्ये राणीच्या हस्ते उघडलेलं ते रॉयल हॉलोवे आजही लंडन विद्यापीठाचा भाग आहे. जुलाबानं उभारलेली इतकी देखणी इमारत दुसरी नसावी.

जाहिरातीत काही शब्द सांकेतिक होते. ‘स्त्रियांच्या सर्व अडथळ्यांवर’, ‘अनियमिततेवर खात्रीशीर’, आणि खाली ‘गरोदर स्त्रियांनी घेऊ नये’ अशी सूचना. वाचणारीला बरोबर कळायचं: पाळी चुकली असेल तर हेच घ्या. ती सूचनाच खरी जाहिरात होती. डबीत बहुधा लोह, काळा बोळ, नाहीतर पुदिन्याच्या जातीच्या पेनीरॉयलचं तेल. साधारण डोसात गर्भ पडत नाही, आणि पडेल इतका डोस घेतला तर आधी बाईच्या जिवावर बेततं. फसलेली बाई तक्रार कुणाकडे करणार? गर्भपात हा गुन्हा होता. हे ओळखून क्राइम्स आडनावाच्या तीन भावांनी अशाच गोळ्या विकल्या आणि मग गिऱ्हाईक बायकांनाच ‘पोलिसात कळवू’ अशी पत्रं पाठवून पैसे उकळायला सुरुवात केली. १८९८ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना या दुनियेतली एक वस्तू पक्की ठाऊक असते: कार्बोलिक स्मोक बॉल. रबरी चेंडू, त्याला नळी, आत कार्बोलिक आम्लाची, म्हणजे फिनॉलची, भुकटी. नळी नाकाशी धरायची, चेंडू दाबायचा, धुरासारखा फवारा नाकात. किंमत १० शिलिंग. १८८९-९० च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर लोक धास्तावलेले होते. नोव्हेंबर १८९१ च्या जाहिरातीत कंपनीनं म्हटलं की दिवसातून तीनदा, दोन आठवडे, सूचनेप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ. खरेपणाची खूण म्हणून १००० पौंड बँकेत ठेवले आहेत. लुइझा कार्लिल या बाईंनी चेंडू घेतला, जानेवारीपर्यंत नेमानं वापरला आणि १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांना इन्फ्लुएंझा झाला. होणारच होता: फिनॉलनं नाक चुरचुरतं, वाहतं, पण विषाणूला त्याचं काही नाही.

बाईंनी १०० पौंड मागितले तेव्हा कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरातीतली बढाई होती. अपील कोर्टानं डिसेंबर १८९२ मध्ये ते फेटाळलं. बँकेत पैसे ठेवल्याचं तुम्हीच छापलंत, म्हणजे बोलणं गंभीर होतं. जगातल्या कुणालाही उद्देशून प्रस्ताव करता येतो. आणि सांगितलेली कृती पूर्ण केली की तोच त्याचा स्वीकार. भारतीय करार कायद्याचं कलम ८ शिकवताना मुंबई-पुण्याच्या विधी महाविद्यालयांत आजही हा निकाल काढतात. हरल्यावर कंपनी गप्प बसली का? बक्षीस २०० पौंड केलं. फक्त आता अटी अर्ज करून मागवायच्या आणि उपचार सुरू करण्याआधी सही करून लंडनला जमा करायच्या.

वर्तमानपत्रांचं पोट या जाहिरातींवर असल्यामुळे १९०९ च्या त्या तपासणीच्या पुस्तकाची जाहिरात छापायलाही अनेकांनी नकार दिला. संसदेची चौकशी समिती १९१२ मध्ये नेमली गेली. तिचा अहवाल प्रसिद्ध झाला तो दिवस ४ ऑगस्ट १९१४, ब्रिटन महायुद्धात उतरलं तो दिवस. अहवाल कुणी वाचला असेल ते उघड आहे. घटक छापण्याची सक्ती आणि मुद्रांक शुल्काचा शेवट १९४१ साली झाला, आणि मधुमेह, क्षय, अपस्मार, मोतीबिंदू, लकवा अशा रोगांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आली. काळा बोळ घातलेल्या बीचमच्या गोळ्या त्यानंतरही १९९८ पर्यंत बनत होत्या.

भारतात याच घराण्यातला कायदा १९५४ चा, औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याचं कलम ३ वाचताना वर आलेल्या गोळ्यांची भाषा ओळखीची वाटते: गर्भपात घडवणं आणि स्त्रियांच्या मासिक पाळीचे विकार दुरुस्त करणं, या दोन्हींसाठी औषधाची जाहिरात करायला त्यात एकाच कलमाखाली मनाई आहे.